घरी येणारे मार्केटिंगचे कॉल: नुसतं ब्लॉक करून थांबू नका, तक्रार करा

नकोसा कॉल आला की आपण बहुतेक सगळे एकच करतो, फोन कट करतो, नंबर ब्लॉक करतो आणि आपल्या कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी वेगळ्या नंबरवरून परत तोच प्रोजेक्ट, तेच कर्जतचे एनए प्लॉट, तेच "सर साइट व्हिजिट फ्री आहे, गाडी पाठवतो". ब्लॉक केल्यानं तुमच्या फोनवर तो एक नंबर बंद होतो, बाकी फोन करणाऱ्याचं काही बिघडत नाही, त्याच्याकडे अजून नंबर असतातच. त्याचं बिघडतं ते तक्रारीनं. तक्रारीचे नियम ट्रायनं, म्हणजे दूरसंचार क्षेत्राच्या नियामक संस्थेनं, फेब्रुवारी २०२५ मध्ये बदललेत आणि चांगलेच आपल्या बाजूनं बदललेत, पण माझ्या आसपास दहातल्या नऊ घरांत हे माहीतच नाही, म्हणून सगळं एका जागी सविस्तर लिहितेय. एका रविवारी दुपारी बसलात तर घरातल्या सगळ्यांच्या फोनचं काम होऊन जाईल.

आधी नंबर बघायला शिका

ही पायरी लोक सोडून देतात, पण पुढचं सगळं हिच्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे व्यावसायिक कॉलसाठी दोन वेगळ्या सिरीज ठरवून दिलेल्या आहेत. १४० नं सुरू होणारा नंबर म्हणजे जाहिरातीचा कॉल, आणि तो रजिस्टर झालेल्या टेलिमार्केटरकडून आलेला. १६०० नं सुरू होणारा नंबर सरकारी खाती आणि बँका, विमा कंपन्या यांच्यासारख्या वित्तीय संस्थांच्या सेवेच्या कॉलसाठी आहे, म्हणजे तुमच्या खात्याबद्दल किंवा व्यवहाराबद्दल काही विचारायचं, कळवायचं असेल तर. १६०० वरून काही विकायला परवानगी नाही.

आता उरला तिसरा प्रकार, ज्याचा सगळ्यात जास्त ताप आहे, तो म्हणजे साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून येणारा जाहिरातीचा कॉल. साध्या मोबाईल नंबरवरून असे मार्केटिंगचे कॉल करणं नियमातच बसत नाही. बँकेचं नाव घेऊन केला तरी नाही, मोठ्या बिल्डरचं नाव घेऊन केला तरी नाही. त्यामुळे असा कॉल आला की "बहुतेक चालत असेल" असं मनात आणू नका, तो तक्रारीलायकच आहे.

एसएमएसचं पण असंच आहे. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक डॅश आणि एक इंग्रजी अक्षर असतं. पी म्हणजे प्रमोशनल, एस म्हणजे सर्व्हिस, टी म्हणजे ट्रान्झॅक्शनल आणि जी म्हणजे गव्हर्नमेंट. बँकेच्या नावानं मेसेज आलाय पण साध्या दहा आकडी नंबरवरून, आणि त्यात लिंक आहे, तर त्याच्यावर बोटसुद्धा लावू नका.

डीएनडी लावणं, पाच मिनिटांचं काम

डीएनडी म्हणजे "डू नॉट डिस्टर्ब", जाहिरातीचे कॉल आणि मेसेज नकोत असं नोंदवायची यादी. ती २००७ पासून आहे, त्यानंतर नियम २०१० मध्ये आणि मग २०१८ मध्ये बदलले. आत्ता जे चालू आहेत ते २०१८ चे नियम आणि त्यावर २०२५ ची दुरुस्ती. लावायची पद्धत सोपी आहे. ज्या सिमवर लावायचंय त्याच सिमवरून १९०९ ला एसएमएस करायचा. इंग्रजी अक्षरांत स्टार्ट असं टाईप करायचं, एक जागा सोडायची आणि शून्य टाकायचं, बस. किंवा १९०९ ला कॉल करून तिथे सांगतील तसं करत जायचं. पैसे लागत नाहीत. जिओ, एअरटेल, व्हीआय यांच्या ॲपमध्येही डीएनडीचा पर्याय असतो आणि ट्रायचं स्वतःचं डीएनडी ॲपही आहे, तिथून पण होतं.

यात काही गोष्टी नीट लक्षात घ्या. फोनमध्ये दोन सिम असतील तर दोन्ही सिमवरून वेगवेगळा मेसेज करावा लागतो, एकावर लावलं म्हणून दुसरं आपोआप बंद होत नाही. ड्युअल सिमच्या फोनमध्ये मेसेज नेमका कुठल्या सिमवरून चाललाय ते पाठवायच्या आधी बघून घ्या. नंबर पोर्ट केला असेल तर नव्या कंपनीच्या ॲपमध्ये डीएनडी चालू दिसतंय का ते एकदा तपासा.

शून्य म्हणजे सगळंच बंद. काहींना सगळं बंद नको असतं, म्हणजे बँकेच्या ऑफर चालतील पण बिल्डर नको, किंवा मुलगा यंदा दहावीला आहे म्हणून क्लासेसची माहिती हवी आहे. त्यासाठी बँकिंग-विमा, रिअल इस्टेट, शिक्षण, आरोग्य, गाड्या आणि वस्तू, मनोरंजन, पर्यटन, खाद्यपदार्थ असे वेगवेगळे गट आहेत, कोणत्या वेळेत आणि कोणत्या दिवशी चालेल हेही ठरवता येतं. पण हे एसएमएसच्या कोडनं करायला जाऊ नका, उगाच गोंधळ होतो, कंपनीच्या ॲपमध्ये समोर गट दिसतात तिथेच टिक करा. माझं विचाराल तर सरळ शून्य टाकावं, क्लासची माहिती हवी असेल तेव्हा आपण स्वतः फोन करून विचारू शकतो की.

भरपूर लोक डीएनडी लावत नाहीत कारण त्यांना वाटतं ओटीपी यायचे बंद होतील. होत नाहीत. ओटीपी, खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज, गॅस बुकिंग, रेल्वेचं तिकीट, हे सगळं सेवेचं आणि व्यवहाराचं असतं, ते डीएनडीत अडकत नाही. मी घरातल्या मोठ्या माणसांना हे आधी सांगते आणि मगच त्यांचा फोन हातात घेते, नाहीतर त्यांना धाकधूक लागून राहते.

आणि डीएनडी लावलं की दुसऱ्या दिवशी शांतता, असंही नाही, थोडे दिवस जाऊ द्यावे लागतात. शिवाय डीएनडीनं थांबतात ते रजिस्टर झालेले, १४० वाले. दहा आकडी नंबरवरून फोन करणारा ती यादी बघतच नाही. म्हणूनच खरं काम पुढच्या पायरीत आहे.

तक्रार कशी करायची

हा भाग सावकाश वाचा. कॉल आल्यापासून ७ दिवसांच्या आत तक्रार करता येते, आधी ३ दिवसच मिळायचे. तक्रार ज्या नंबरवर कॉल आला त्याच नंबरवरून करायची, म्हणजे बाबांच्या फोनवर आलेल्या कॉलची तक्रार तुम्ही तुमच्या फोनवरून एसएमएस करून होणार नाही.

सर्वात आधी कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंबर आणि वेळ दिसेल असा. नंबर ब्लॉक करायचा असला तरी आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक, कारण घाईघाईत लॉग डिलीट झाला की नंबर शोधत बसावं लागतं. मग १९०९ ला एसएमएस करायचा, त्यात तीन गोष्टी ओळीनं, मध्ये स्वल्पविराम देऊन. पहिली, कॉल कशाबद्दल होता ते थोडक्यात, उदाहरणार्थ पर्सनल लोनची ऑफर किंवा प्लॉटची जाहिरात, आणि कंपनीचं नाव कळलं असेल तर तेही. दुसरी, ज्या नंबरवरून कॉल आला तो पूर्ण नंबर. तिसरी, तारीख, आधी दिवस मग महिना मग वर्ष. सगळं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत लिहिलेलं बरं. जाहिरातीचा एसएमएस आला असेल तर कॉलच्या वर्णनाच्या जागी तो मेसेजच टाकायचा आणि पुढे पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख.

तक्रार नोंदली की एक नंबर मिळतो, तो जपून ठेवा. एसएमएस लिहायचा कंटाळा असेल तर ट्रायच्या डीएनडी ॲपमधून करा, तिथे कॉल लॉगमधून सरळ नंबर निवडता येतो. एकदा सवय झाली की एका तक्रारीला फार वेळ लागत नाही.

एका तक्रारीनं काय होणार, असं सगळेच विचारतात. होतं. जुन्या नियमात एखाद्या नंबरवर कारवाई व्हायला ७ दिवसांत १० तक्रारी लागायच्या. आता १० दिवसांत ५ पुरे आहेत. आणि रजिस्टर न झालेल्या कॉलरवर टेलिकॉम कंपनीनं कारवाई करायची मुदत ३० दिवसांवरून ५ दिवसांवर आणलीय. म्हणजे एका सोसायटीत एकाच एजंटचा फोन पाच घरांत गेला आणि पाचही घरांनी तक्रार केली तर तेवढ्यातच त्याचं प्रकरण उभं राहू शकतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण "ह्या नंबरवरून फोन येतायत, सावध राहा" असं टाकतोच, त्याच मेसेजमध्ये "१९०९ ला तक्रार करा" एवढं जोडा, सावध राहण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे.

शिक्षाही बारीकसारीक नाही. पहिल्यांदा सापडलं तर त्या कॉलरच्या सगळ्या जोडण्यांवरून बाहेर फोन करणं १५ दिवस बंद. पुन्हा सापडलं तर एक वर्षासाठी सगळी कनेक्शन तोडायची, सगळ्या कंपन्यांमध्ये, आणि नाव काळ्या यादीत. आणि टेलिकॉम कंपन्यांनी स्पॅमचे चुकीचे आकडे दाखवले तर त्यांनाही दंड आहे, पहिल्या वेळी २ लाख, दुसऱ्या वेळी ५ लाख आणि पुढे दर वेळी १० लाख रुपये. हे फक्त कागदावर आहे असं समजू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायनं कडक आदेश दिल्यावर थोड्याच दिवसांत पावणेतीन लाखांहून जास्त कनेक्शन तोडली गेली आणि ५० संस्था काळ्या यादीत गेल्या.

अजून एक गोष्ट. रजिस्टर न झालेल्या, म्हणजे दहा आकडीवाल्या कॉलरविरुद्ध तक्रार करायला तुमचं डीएनडी लावलेलं असायलाच हवं असं आता नाही. पण १४० वरून आलेल्या कॉलबद्दल बोलायचं तर तुम्ही आधी "नको" असं नोंदवलेलं असलं पाहिजे, नाहीतर तो नियमातच आहे. म्हणून दोन्ही करायचं, डीएनडी पण आणि तक्रार पण.

फोन उचललाच तर काय बोलायचं

समोर बसलेला मुलगा किंवा मुलगी कुणाची तरी टार्गेटची नोकरी करत असते, दिवसभर शिव्या खात असते. त्यांच्यावर ओरडून आपला नंबर यादीतून जात नाही, आपलंच डोकं दुखतं. शांतपणे आणि थोडक्यात बोलायचं. "दादा, कुठल्या कंपनीतर्फे बोलताय? माझा नंबर डीएनडीवर आहे, यादीतून काढा, परत फोन करू नका." कंपनीचं नाव विचारायचं ते तक्रारीत लिहायला. हिंदीत बोलत असतील तर हिंदीत सांगा, मुद्दा पोचला पाहिजे.

"आत्ता बिझी आहे, नंतर करा" हे मात्र अजिबात म्हणू नका. आपण सभ्यपणानं म्हणतो पण तिकडे ते "नंतर फॉलोअप" म्हणून लिहिलं जातं आणि संध्याकाळी खरंच फोन येतो, आणि मग ते म्हणतात तुम्हीच सांगितलं होतं. नको असेल तर नको म्हणा. तुमचं नाव बरोबर आहे का, जन्मतारीख काय, कुठल्या बँकेत खातं आहे, घर स्वतःचं की भाड्याचं, यातल्या कशालाही उत्तर द्यायचं नाही, "हो" सुद्धा नाही. "जोडीनं या, गिफ्ट व्हाउचर मिळेल, फक्त एक तासाचं प्रेझेंटेशन" अशा हॉलिडे क्लबच्या फोनला तर पहिल्याच वाक्याला नको म्हणून ठेवून द्या, बोलत राहिलात तर ते बरोबर रविवार रिकामा आहे का ते काढून घेतात.

घरातला लँडलाइन आणि आईबाबांचे फोन

लँडलाइनलाही डीएनडी लागतं, त्याच फोनवरून १९०९ फिरवायचं. अडचण एवढीच की तक्रारीला नंबर लागतो आणि जुन्या डबड्यावर नंबर दिसत नाही, तेव्हा डिस्प्लेवाला हँडसेट घ्या आणि कॉलर आयडी चालू आहे ना ते कंपनीला विचारून घ्या. फायबर ब्रॉडबँडबरोबर फुकट लँडलाइन नंबर मिळालेला असतो, तो घरात कुणी वापरत नाही पण दुपारी वाजतो, त्याचा हँडसेट सरळ काढून ठेवा, इंटरनेटला काही होत नाही.

आईबाबांच्या मोबाईलकडे मात्र नीट लक्ष द्या. वयस्कर माणसं फोन वाजला की उचलतात, आणि समोरचा "आजोबा" म्हणाला की त्यांना कट करणं जड जातं. त्यांना सांगून पटत नाही, सेटिंग करून द्यावी लागते. घरच्यांचे, डॉक्टरांचे, औषधवाल्याचे, सोसायटीच्या वॉचमनचे, गॅस एजन्सीचे, बँकेच्या शाखेचे, सगळे नंबर आधी सेव्ह करा, देवनागरीत सेव्ह केलेत तर त्यांना वाचायला सोपं जातं. आणि मग अनोळखी नंबरचा आवाज बंद करा. आधी सेव्ह, मग आवाज बंद, हा क्रम उलटा करू नका, नाहीतर हॉस्पिटलमधून आलेला फोनही वाजणार नाही.

फोनच्या सेटिंग्ज

अँड्रॉइडवर गुगलचं फोन ॲप असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये कॉलर आयडी अँड स्पॅम असा पर्याय आहे, त्यात स्पॅम कॉल फिल्टर करा हे चालू करायचं, मग संशयित कॉल वाजतच नाहीत पण लॉगमध्ये दिसतात, म्हणजे तक्रारीला नंबर मिळतो. सॅमसंग, शाओमी वगैरेंच्या फोन ॲपमध्ये नावं थोडी वेगळी असतात पण असंच काहीतरी असतं. आयफोनला सायलेन्स अननोन कॉलर्स आहे. काम शोधत असाल, कुरिअरची वाट बघत असाल किंवा घरात कुणी आजारी असेल तर तेवढे दिवस ते बंद ठेवा. एअरटेलनं सप्टेंबर २०२४ पासून नेटवर्कवरच संशयित स्पॅम अशी सूचना दाखवायला सुरुवात केली, त्यासाठी वेगळं काही टाकावं लागत नाही.

ट्रूकॉलर टाकावं का, हे लोक हमखास विचारतात. ज्यांना सतत अनोळखी नंबर उचलावे लागतात, दुकानदार, डॉक्टर, एजंट, त्यांना उपयोग आहे. घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनवर मी टाकत नाही, ते बऱ्याच परवानग्या मागतं, जाहिरातीही दाखवतं, आणि फोनमधला फिल्टर त्यांना पुरतो.

व्हॉट्सॲपला डीएनडी लागू नाही हे लक्षात ठेवा. तिथे सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्स इथे जाऊन अनोळखी कॉल सायलेन्स करायचे. कंपनीचा जाहिरातीचा मेसेज आला की तिथेच ब्लॉक आणि रिपोर्ट.

नंबर जातो कुठून

बऱ्याच वेळा आपणच दिलेला असतो. मॉलमधला लकी ड्रॉ, प्रॉपर्टीच्या प्रदर्शनातली वही, होम लोनचा व्याजदर बघायला उघडलेली वेबसाइट, जिथे शेवटी बारीक अक्षरात "आमच्या भागीदारांना संपर्काची परवानगी देतो" असं टिक करून ठेवलेलं असतं. अशी परवानगी दिली असेल तर डीएनडी असूनही त्या कंपनीचा फोन येऊ शकतो, कारण तुमची संमती डीएनडीच्या वर धरली जाते. संमती काढूनही घेता येते. प्रमोशनल मेसेजमध्ये बंद करायचा पर्याय द्यावाच लागतो, आणि एकदा तुम्ही बंद केलंत की त्याच कंपनीला ९० दिवस परत संमती मागता येत नाही.

दुकानात बिल करताना नंबर विचारतात तो देणं सक्तीचं नाही. ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना स्पष्ट सांगितलंय की नंबर दिल्याशिवाय वस्तू देणार नाही असं करता येणार नाही. "नंबर नको, कागदी बिल द्या" एवढं म्हणायचं. जमत असेल तर एक जुनं सिम अशा फॉर्मसाठी वेगळं ठेवा, पण बँक आणि आधारला जोडलेला नंबर कुठल्याही लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर लिहू नका.

वसुलीचे फोन

कुणीतरी नातेवाईक किंवा जुना सहकारी कर्ज घेतो, रेफरन्स म्हणून तुमचा नंबर देतो, आणि हप्ता थकला की तुमच्या घरी फोन सुरू होतात. हे मार्केटिंग नाही, त्यामुळे १९०९ चा इथे उपयोग नाही. पण रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलंय की कर्जदारालासुद्धा वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचे नाहीत, धमक्या द्यायच्या नाहीत, घरच्यांना आणि ओळखीच्यांना त्रास द्यायचा नाही. कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी ईमेल करा, त्यात तारखा, वेळा आणि नंबर लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

मार्केटिंग कुठे संपतं आणि फसवणूक कुठे सुरू होते

"दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार, ९ दाबा." "ट्रायमधून बोलतोय." ट्राय कुणालाही असा फोन करत नाही. "विमा नियामकाकडून बोलतोय, तुमच्या बंद पडलेल्या पॉलिसीचा बोनस अडकलाय, प्रोसेसिंग फी भरा." विमा नियामक संस्था म्हणजे आयआरडीएआय पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही, पण ह्या एका थापेनं कितीतरी निवृत्त माणसांची पुंजी गेलीय, तेव्हा घरात जुन्या पॉलिसीच्या फायली असतील तर आईबाबांना हे वाक्य नेमकं ऐकवून ठेवा. विम्याच्या तक्रारीसाठी विमा भरोसाचा १५५२५५ हा नंबर आहे. "डीएनडी चालू करून देतो, ओटीपी सांगा" असाही फोन येतो, डीएनडीला कुणाला ओटीपी सांगावा लागत नाही. आणि डिजिटल अरेस्ट, म्हणजे फोनवरच तुम्हाला अटक केलीय असं सांगणं, ही गोष्ट आपल्या कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश दिसला तरी फोन ठेवून द्यायचा.

फोनवरच्या माणसानं सांगितलं म्हणून कुठलाही स्टार-हॅशवाला कोड फिरवू नका, त्यानं तुमचे कॉल दुसरीकडे वळू शकतात. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, उघडू नका, मग ती चलानाची असो की लग्नाच्या पत्रिकेची. स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगितलं की तिथेच थांबायचं.

असा संशयित फोन आला पण पैसे गेले नाहीत, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर किंवा ॲपवर चक्षू म्हणून सोय आहे, तिथे कळवा, गेल्या ३० दिवसांतल्या कॉल आणि मेसेजबद्दल कळवता येतं. तिथेच आपल्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं, ओळखीचं नसलेलं सिम निघालं तर "हा माझा नंबर नाही" असं नोंदवून टाका.

पैसे गेले असतील तर मात्र चक्षू नको, १९०९ पण नको. थेट १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा, लगेच, घरच्यांना कसं सांगू हा विचार करत न बसता, कारण पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आधी गोठवता आले तरच मिळतात. फोन लागत नसेल तर लावत राहा, दुसऱ्या माणसानं तोवर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार भरायला घ्यावी. व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा नंबर हाताशी ठेवा, आणि बँकेला फोन करायचा तो कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवरच.